खरेदी वेगळी, देणगी वेगळी, गाडी मात्र एकच

कारागिरांचा माल ऑनलाइन विकायचा आणि त्याच ॲपवरून पूरग्रस्तांना मदतही पोचवायची, असं काही मुंबईतून उभं करू पाहणाऱ्यांसाठी थोडं रोखठोक.

'प्रत्येक खरेदीतले दहा टक्के मदतकार्याला' ही पाटी मला खटकते. दुकानाचं कमिशन तसंच राहिलं, तर ते दहा टक्के कारागिराच्याच भावातून कापले जातात. मग दानशूर कोण? डहाणूचा वारली चित्रकार! बिलावर तीन आकडे वेगळे दिसू देत: कारागिराचा दर, दुकानाचा खर्च आणि गिऱ्हाइकाने राजीखुशीने दिलेली देणगी. देणगीचं बँक खातंही वेगळंच हवं. परदेशी गिऱ्हाइकाने चपलेचे दिलेले पैसे हा व्यापार. त्यानेच वर दिलेली देणगी मात्र एफसीआरएखाली, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येते. त्यासाठी नोंदणी लागते, २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उतरते आणि पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. दोन्ही पैसे एकाच खात्यात घ्याल, तर ऑडिटच्या वेळी सीए तुम्हाला दारात उभं करणार नाही.

कुरिअरचं गणित बहुतेकांना उशिरा कळतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुधा ५००० ने भागायचं; येणारा आकडा म्हणजे खोक्याचं आकारावरून धरलेलं किलोतलं वजन, आणि ते खऱ्या वजनाहून जास्त असेल तर भाडं त्याचंच. ४० × ३० × ३० च्या खोक्यातला बांबूचा दिवा जेमतेम किलोभर असला, तरी भाडं ७.२ किलोचं लागतं. म्हणून एकात एक बसणारे किंवा घडी होणारे नमुनेच यादीत घ्या.

आता गाडी. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या किंवा २०२१ च्या महाड-चिपळूणच्या पुरासारखी वेळ आली, की मुंबईहून टेम्पो भरून जातात आणि रिकामे परततात. भाडं तर दोन्हीकडचं बसतं. परतीला कारागिरांचा माल भरावा, हे उघड आहे. पण पहिल्या फेरीत ते जमत नाही, कारण माल भिजलेला असतो. पहिल्या फेरीत धान्य, ताडपत्री, चादरी द्या. (जुने कपडे नकोत, ते रस्त्याकडेला कुजतात.) दुसऱ्या फेरीत अवजारं आणि कच्चा माल: चपलावाल्याला रापी, आरी, कमावलेलं चामडं, सोबत ऑर्डर आणि निम्मी रक्कम आगाऊ. तिसऱ्या फेरीला गाडी भरून येते.

कोल्हापुरी भरताना घाई नडते. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं चामडं ओलं असताना प्लॅस्टिकमध्ये बांधलं, की पोचेपर्यंत बुरशी धरतं; कडक उन्हात वाळवलं तर तडकतं. सावलीत, वाऱ्यावर पूर्ण सुकवा, वर्तमानपत्रात गुंडाळा, खोक्यात सिलिका जेलची पुडी टाका. मापासाठी नुसता नंबर विचारू नका. पाय कागदावर ठेवून आखायला सांगा, टाचेपासून अंगठ्यापर्यंतचे सेंटिमीटर मागवा. परत आलेल्या जोडाचं भाडं कारागिराच्या माथी मारायचं नाही, हे करारातच लिहा.