एरिन फिलिप्सची अठरा वर्षं कुणी खाल्ली?

ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटू एरिन फिलिप्सबद्दल लिहिणारे बहुतेक जण २०१७पासून सुरुवात करतात. मला त्याच्या खूप आधीचं बोलायचंय.

अ‍ॅडलेडची ही मुलगी लहानपणी मुलांच्या संघातून ऑस्ट्रेलियन फुटबॉल (अंडाकृती चेंडूचा, हातापायांनी खेळायचा तिथला खेळ) खेळायची. हा खेळ तिच्या घरातलाच. वडील ग्रेग फिलिप्स म्हणजे पोर्ट अ‍ॅडलेडचे दिग्गज, क्लबच्या आठ विजेतेपदांचे मानकरी. एरिन तेरा वर्षांची झाली आणि तिला थांबावं लागलं, कारण त्यापुढे मुलींना मुलांच्या संघात जागा नव्हती. व्यावसायिक महिला लीग तर देशात कुठेच नव्हती. तोच वारसा मुलाला मिळाला असता तर क्लबवाले दारात उभे राहिले असते!

मग ती बास्केटबॉलकडे वळली. तिथे काय केलं? २००६ला ऑस्ट्रेलियाकडून विश्वविजेतेपद, २००८ला बीजिंग ऑलिंपिकचं रौप्य, अमेरिकेच्या डब्ल्यूएनबीए या महिला बास्केटबॉल लीगमध्ये २०१२ला इंडियाना आणि २०१४ला फिनिक्सबरोबर अजिंक्यपद. एका आयुष्याला पुरेल एवढी कारकीर्द.

आणि इथेच लोक म्हणतात, "बघा, जिद्द असली की वाट सापडतेच." मला हे अजिबात मान्य नाही. एरिनला दुसरा खेळही तितकाच उत्तम जमत होता, म्हणून तिचं नाव आपल्याला माहीत आहे. जिला फक्त फुटबॉलच येत होतं, तिचं काय झालं? ती तेराव्या वर्षी घरी बसली आणि तिची कुठे नोंदही नाही. अशा किती मुली असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

फेब्रुवारी २०१७मध्ये एएफएलडब्ल्यू, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलची महिला लीग सुरू झाली. आठ संघ, सात फेऱ्या, एक फायनल. मेलबर्नला पहिल्याच सामन्याला मैदान इतकं भरलं की दरवाजे बंद करावे लागले. एरिन तेव्हा एकतीस वर्षांची, जुळ्या मुलांची आई. त्या मोसमात तिच्या अ‍ॅडलेड क्रोजने विजेतेपद जिंकलं, फायनलची सर्वोत्तम खेळाडू ती आणि लीगचीही सर्वोत्तम तीच. अठरा वर्षांचा खंड पडूनही! २०१९ला लीगचा तोच मान तिला पुन्हा मिळाला.

२०१९ची फायनल अ‍ॅडलेड ओव्हलवर झाली, क्रोज आणि कार्लटनमध्ये. प्रेक्षक ५३,०३४. प्रवेश मोफत होता, हे खरं. पण फुकट आहे म्हणून कुणी रविवारी पन्नास हजारांच्या गर्दीत जाऊन बसत नाही, आवड असावी लागते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये एरिनच्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे आतला मुख्य अस्थिबंध, तुटलं. तिला बाहेर नेताना सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं, कार्लटनचे पाठीराखेसुद्धा. सामना अर्धवट सोडावा लागूनही सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली.

त्याच्या दोनच आठवडे आधी कार्लटनच्या टायला हॅरिसचा किक मारतानाचा एक अप्रतिम फोटो एका वाहिनीने काढून टाकला होता, कारण त्याखाली घाणेरड्या कॉमेंट्स आल्या होत्या. घाण करणारे राहिले बाजूला, फोटोच गायब! लोक भडकले, तेव्हा तो परत लावला. त्या वर्षी मेलबर्नच्या फेडरेशन स्क्वेअरमध्ये त्या किकचा पुतळाही उभा राहिला.

"बायकांच्या सामन्यात स्कोअरच होत नाही," असं म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पहिल्या मोसमात सर्वसाधारण खेळाडूचं मानधन होतं ८,५०० ऑस्ट्रेलियन डॉलर. मोजक्या मार्की, म्हणजे नामांकित खेळाडूंना २७,०००. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सराव करायचा, आणि तुलना कुणाशी? शाळेपासून क्लबची नजर असलेल्या, वर्षभर पगारी सराव करणाऱ्या पुरुषांशी.

एरिन पुढे पोर्ट अ‍ॅडलेडच्या पहिल्या महिला संघाची कर्णधार झाली, वडिलांच्या क्लबची. २०२३ला निवृत्त झाली. २०२५ला ऑस्ट्रेलियन फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये गेली, एएफएलडब्ल्यूमधली पहिली खेळाडू म्हणून. तिच्याइतका आनंद मलाही झाला असेल.

२०२२पासून अठराही क्लबांचे महिला संघ आहेत. त्याच वर्षी किमान मानधन ३९,००० डॉलरच्या आसपास गेलं. वाढ मोठी होती, पण तेवढ्यावर बाकीची नोकरी सोडता येत नव्हती. म्हणून आता कुणी स्कोअरबोर्डकडे बोट दाखवलं की मी आधी विचारते, या मुलींना सरावाचे किती तास मिळाले आणि त्यातले किती पगारी होते?