ग्रेसफुल रिस्टार्ट सरसकट चालू करू नका

नेटवर्कवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत एक सल्ला सतत फिरतो: "बीजीपीच्या सगळ्या नेबर्सवर ग्रेसफुल रिस्टार्ट टाका, रिस्टार्ट टाइम भरपूर ठेवा. मग राउटर रीबूट झाला तरी एक पॅकेट पडणार नाही." बीजीपी म्हणजे राउटरांनी एकमेकांना रूट, म्हणजे मार्ग, सांगण्याचा प्रोटोकॉल; नेबर म्हणजे त्यातला शेजारी राउटर; आणि ग्रेसफुल रिस्टार्ट म्हणजे बीजीपी थोडा वेळ बंद पडला तरी शेजाऱ्याने जुने रूट ठेवण्याची सोय. हा सल्ला वाचून कुणीतरी खरंच तसं करेल, याची मला काळजी वाटते.

"रीबूट झाला तरी." मुख्य गफलत इथेच आहे. २००७च्या आरएफसी ४७२४ या मानकाप्रमाणे रिस्टार्ट होणारा राउटर शेजाऱ्याकडून एवढंच मागतो: माझं बीजीपी थोडा वेळ बंद असेल, पण पॅकेट पुढे पाठवणं चालू आहे, तेव्हा माझे रूट काढू नकोस. यातलं "पाठवणं चालू आहे" हे खरं असायला हवं. दोन कंट्रोल कार्डं (राउटरचा मेंदू) आणि वेगळी लाइन कार्डं (पॅकेट पुढे पाठवणारी) असलेल्या मोठ्या चासीत ते खरं असू शकतं. लिनक्सवर एफआरआर हे राउटिंग सॉफ्टवेअर चालवत असाल आणि फक्त बीजीपीडी, म्हणजे त्यातला बीजीपीचा प्रोग्राम, पडला, तर कर्नलमधले रूट टिकवता येतात. अख्खं मशीनच रीबूट झालं, तर टिकवायला काही उरतच नाही.

हे मी जवळून पाहिलंय. दोन एज राउटर (नेटवर्कच्या कडेचे), त्यांच्या आणि आमच्या राउटरच्या मधे स्विच. पहिला रीबूट झाला, पण स्विचमुळे आमचा पोर्ट वरच राहिला. टेबलात त्याच्या रूटपुढे स्टेलचा, म्हणजे शिळ्या रूटचा, 'एस' दिसत होता आणि ट्रॅफिक त्याच मेलेल्या मशीनकडे जात होता. दुसरा राउटर धडधाकट, पण रिकामा. रिस्टार्ट टाइमचे डिफॉल्ट १२० सेकंद सरल्यावरच ट्रॅफिक तिकडे वळला. ग्रेसफुल रिस्टार्ट नसता, तर सेशन तुटताच वळला असता.

"टाइम भरपूर ठेवा" म्हणणारे सांगतात की फुल टेबल (इंटरनेटचे सगळे रूट) यायला वेळ लागतो. पण रिस्टार्ट टाइम फक्त सेशन परत उभं राहीपर्यंतचा. टेबल भरेपर्यंत जुने रूट सांभाळणारा टायमर वेगळा आहे, स्टेलपाथ टाइम. सिस्को आयओएस आणि एफआरआरमध्ये तो मुळातच ३६० सेकंद असतो. रिस्टार्ट टाइमला १२ बिट आहेत, म्हणजे ४०९५ सेकंदांपर्यंत जाता येतं. कुणी ३६०० टाकले आणि राउटर परत आलाच नाही, तर तासभर ट्रॅफिक खड्ड्यात.

"टाका की झालं" हेही खरं नाही. ग्रेसफुल रिस्टार्ट येतं हे सांगणारी कॅपॅबिलिटी सेशन सुरू करणाऱ्या ओपन मेसेजमध्ये जाते. चालू सेशनला ती कळत नाही, सेशन एकदा क्लिअर करावं, म्हणजे तोडून पुन्हा जोडावं, लागतं. त्यानंतर 'शो बीजीपी नेबर्स'मध्ये अ‍ॅडव्हर्टाइज्ड आणि रिसीव्ह्ड दोन्ही दिसलं पाहिजे. बीएफडी (शेजारी गेला हे झटकन ओळखणारा प्रोटोकॉल) लावला असेल तर त्याचा सी-बिटही बघा, म्हणजे तो राउटरच्या मेंदूपासून स्वतंत्र चालतो का: तो शून्य असेल, तर बीएफडी पडला म्हणून फॉरवर्डिंग थांबलं असं ठरत नाही.

एका मेंदूच्या, म्हणजे एकच कंट्रोल कार्ड असलेल्या, राउटरला मी फक्त हेल्पर ठेवतो: शेजारी रिस्टार्ट झाला तर तो त्याचे रूट सांभाळतो, स्वतःसाठी तशी सोय मागत नाही. एफआरआरमध्ये डिफॉल्ट तेच आहे. रिस्टार्टर, म्हणजे ती सोय मागणारा, करायचाच असेल तर आधी रात्रीच्या विंडोमध्ये पिंग चालू ठेवून बीजीपीडी मारतो, मग मशीन रीबूट करतो आणि दोन्ही वेळा पडलेले पॅकेट मोजतो.