पायलटला ओढू नका, मामा

निफाडच्या मामांनी काल रात्री घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर तिरंगा, खाली हात जोडलेल्यांची रांग, मध्ये 'ओझर परिसरातील शेतकरी बांधवांनो' असं जाड अक्षरात. (ओझर म्हणजे निफाडजवळचा हवाई तळ.) मजकूर थोडक्यात असा: लढाऊ विमान शेतात पडलं तर हवाई दलाची वाट बघू नका. आग असो वा नसो, पायलटला तत्काळ ओढून बाहेर काढा. पॅराशूटनं उतरला असेल तर उभा करून पाणी पाजा. पक्षी धडकून विमान पडतं ही थाप आहे. आग विझवायच्या फेसानं कॅन्सर होतो आणि जमीन कायमची नापीक होते.

मामा अडाणी नाहीत. द्राक्षावर कुठली फवारणी कधी घ्यायची, हे ते कृषी अधिकाऱ्याला सांगतील. म्हणूनच जास्त चिडलो.

आधी ते 'ओढून काढा'. लढाऊ विमानात पायलट ज्यावर बसतो ती खुर्ची म्हणजे साधं आसन नव्हे. संकटात पायलटला खुर्चीसकट विमानाबाहेर उडवायला तिच्या खाली-मागे काडतुसं आणि रॉकेट असतात. सुखोई या लढाऊ विमानात ती उडवायची मूठ पायलटच्या दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये असते. आता साधा हिशेब करा. पायलट अजून आत आहे, याचा अर्थ खुर्ची उडालेली नाही, म्हणजे स्फोटक दारू तशीच भरलेली आहे. तुम्ही वाकून पट्टे ओढणार, कुणाचा तरी हात, गमछा नाहीतर विळा त्या मुठीत अडकणार. मग पायलटही गेला आणि वर वाकलेले दोघंतिघंही.

अतिशयोक्ती वाटते? ८ नोव्हेंबर २०११ ला इंग्लंडच्या स्कॅम्प्टन तळावर फ्लाइट लेफ्टनंट शॉन कनिंगहॅम उभ्या हॉक विमानात बसून उड्डाणाआधीची तपासणी करत होता. विमान जमिनीवर, जागच्या जागी. खुर्ची उडाली, मुख्य पॅराशूट उघडलं नाही, तो गेला. चौकशीत निघालं की मूठ आधीच धोकादायक स्थितीत सरकलेली होती आणि तरीही सुरक्षेची पिन आत बसली होती, त्यामुळे सगळं ठीक वाटत होतं. खुर्ची बनवणाऱ्या कंपनीला २०१८ मध्ये ११ लाख पौंड दंड झाला. हे सगळं प्रशिक्षित माणसांच्या देखत, पिना कुठे लावायच्या हे पाठ असलेल्या तळावर. आणि आपण कांद्याच्या वाफ्यात उभं राहून ते हातानं करायचं?

विमान पेटलंय आणि आत माणूस जिवंत आहे, तर काय? हा प्रश्न अवघड आहे, त्याचं उत्तर मी घरात बसून देणार नाही. पण मेसेज तेवढ्यावर थांबत नाही ना! तो 'आग नसली तरी' म्हणतो.

एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजानं. गावकरी आधी पोचतात, हे खरंच. ४ जून २०२४ ला, सगळा देश लोकसभेचे निकाल बघत असताना, निफाड तालुक्यात शिरसगावच्या शेतात सुखोई पडलं. दोन्ही वैमानिक आधीच बाहेर पडले होते, वाचले. अशा वेळी आधी पोचलेल्यानं ११२ ला फोन करावा, वारा जिकडून येतो त्या बाजूला लांब उभं राहावं, पोरांना मोबाईलसकट मागे हाकलावं. पडलेले तुकडे उचलू नयेत. चौकशीत तेच बोलतात, आणि त्यातल्या एखाद्यात न उडालेलं काडतूस असू शकतं.

पॅराशूटनं उतरलेल्याला उभा करणं हा दुसरा मूर्खपणा. खुर्ची उडते तेव्हा पाठीच्या कण्यावर असा दणका बसतो की मणका मोडणं ही अशा पायलटांची नेहमीची इजा आहे. तो 'मी बरा आहे' म्हणाला तरी आडवाच राहू द्या. पाणीही नको, शस्त्रक्रिया लागली तर पोट रिकामं बरं.

पक्ष्याचं एका ओळीत संपतं. १६ नोव्हेंबर २०१९, गोव्यातल्या दाबोळीहून उडालेलं नौदलाचं मिग-२९के पक्ष्यांच्या थव्यात शिरलं, एक इंजिन बंद पडलं, दुसरं पेटलं, विमान वेर्ण्याजवळ कोसळलं. दोघेही वैमानिक वाचले. विमानतळाच्या १० किलोमीटरच्या आत जनावरं कापायला आणि कचरा टाकायला बंदी घालणारा नियम १९३७ पासूनच्या विमान नियमांत आहे, तो काय थाप म्हणून? कोंबडीची आतडी पोत्यात भरून रस्त्याकडेला फेकणारे आपलेच लोक.

राहिला फेस. यात अर्धं खरं आहे, चरफडत सांगतो. विमानाच्या आगीसाठी वर्षानुवर्षं वापरलेल्या फेसात 'पीएफएएस' जातीची रसायनं असायची. ती मातीत-पाण्यात कुजून, तुटून नाहीशी होत नाहीत. त्यातल्या पीएफओएला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०२३ मध्ये कॅन्सरकारक ठरवलं. अमेरिकेत कितीतरी हवाई तळांखालचं भूजल त्यानं बिघडलं. पण ते तिथे जास्त झालं, जिथे सरावासाठी वर्षानुवर्षं एकाच जागी फेस मारला गेला. एका अपघाताच्या फेसानं रान कायमचं नापीक होतं, हे कुणी सांगितलं? शिरसगावच्या शेतकऱ्यानं जमिनीत मुरलेल्या विमानाच्या इंधनाची, म्हणजे केरोसीनची, आणि विहिरीच्या पाण्याची तपासणी मागावी, तो त्याचा हक्क आहे. त्यासाठी पेटलेल्या विमानावरच्या फेसाला आडवं जायची गरज नाही.

मामा, तो मेसेज ग्रुपवरून काढा. मी मावशीला फोन करतो, तिनं तो अजून चार ठिकाणी पाठवलाय.