'पैसा उडवला, आता भोगतोय' म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळपासून एकच रील वेगवेगळ्या ग्रुपांवर फिरतंय. 'कोट्यवधी कमावून कंगाल झालेले बॉक्सर.' मागे ढणढण संगीत, जो लुईचा फोटो, टायसनचा फोटो, होलीफिल्डचा फोटो आणि शेवटी उपदेश: बचत शिका, नाहीतर तुमचंही असंच होईल. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. 'माज केला की असंच होतं.' 'नुसते हात, डोकं नाही.' दुपारपर्यंत मी गप्प बसलो. आता राहवत नाही.

डोकं नाही म्हणता? अरे, डोक्यावरच मार खाल्लाय त्यांनी. उमेदीची सगळी वर्षं, तुमच्याआमच्यासमोर, टाळ्यांच्या गजरात.

जो लुईपासूनच सुरू करतो, कारण त्याच्या फोटोवर सगळ्यात जास्त हसलेत लोक. १९३७ ते १९४९ हा माणूस हेवीवेटचा जगज्जेता होता. २५ वेळा किताब राखला. १९४२ मध्ये, महायुद्ध चालू असताना, दोन लढतींचं मानधन त्याने नौदलाच्या आणि लष्कराच्या मदतनिधीला देऊन टाकलं आणि स्वतः सैन्यात भरती झाला. पुढे त्याच देशाच्या करखात्याने असा ससेमिरा लावला की थकबाकी आणि व्याज मिळून रक्कम १० लाख डॉलरच्या वर गेली. निवृत्त झालेला लुई ती फेडायला पुन्हा रिंगमध्ये उतरला. ऑक्टोबर १९५१ मध्ये रॉकी मार्सियानोने ३७ वर्षांच्या लुईला आठव्या फेरीत दोरांमधून बाहेर पाडलं. नंतर जिंकलेला मार्सियानोच त्याच्या खोलीत जाऊन रडला. मग लुई पोटासाठी लुटुपुटूच्या कुस्त्या लढला, मग लास व्हेगासमधल्या सीझर्स पॅलेसमध्ये पाहुण्यांचं स्वागत करायला उभा राहिला. १९८१ मध्ये तो गेला, तेव्हा अंत्यविधीच्या खर्चाला हातभार लावला तो मॅक्स श्मेलिंगने. १९३८ मध्ये लुईने ज्याला पहिल्याच फेरीत लोळवलं होतं, तोच हा.

लुईचा हात सैल होता, हे मान्य. पण सैल हाताची माणसं आपल्या घराघरांत आहेत. त्यांना कर्ज फेडण्यासाठी मेंदूवर ठोसे खावे लागत नाहीत.

तुमच्यापैकी काहींना माहीत आहे, कॉलेजात असताना मी बॉक्सिंग करायचो. आमचे सर स्वतः तरुणपणी स्पर्धांतून लढलेले. निवड चाचणी जवळ आली होती आणि सरावात माझ्या कानशिलावर एक हुक, म्हणजे बाजूने येणारा ठोसा, बसला. मी पडलो नाही. दोन पावलं मागे गेलो, परत गार्ड घेतला. सर आत आले, डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, ''सकाळी काय करून घेतलं मी तुझ्याकडून?'' मला आठवेना. सरांनी एक शब्दही न बोलता कात्री घेतली आणि मनगटावरची पट्टी कापली. निवड चाचणीतून नाव बाद. मी ओरडलो, रडलो, नको ते बोललो. निवड समितीतल्या कुणीतरी रदबदली केली, मित्रांनी केली. सरांचं एकच: ''पोरगा माझ्याकडे चालत आला, घरीही चालतच जाईल.''

हा प्रसंग मी पूर्वी इथे लिहिला असेल. पुन्हा लिहितो, कारण त्या रीलमधल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या आयुष्यात ही कात्रीवाली व्यक्ती नव्हती. किंवा होती, आणि तिला बाजूला केलं गेलं.

मुहम्मद अलीचंच बघा. सप्टेंबर १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सशी लढत झाली. अली जिंकला, पण काय मार खाल्ला त्या रात्री! त्याचे डॉक्टर फर्डी पचेको यांच्या हातात अहवाल आला की मूत्रपिंडं बिघडत चालली आहेत. त्यांनी तो अलीला, त्याच्या बायकोला, मॅनेजरला, सगळ्यांना पाठवला. कुणाचंही उत्तर आलं नाही. पचेको सोडून गेले. लढती चालू राहिल्या. १९८० मध्ये लॅरी होम्सशी लढत ठरली, तेव्हा अली ३८ वर्षांचा होता. त्याआधी मेयो क्लिनिकमध्ये तपासणी झाली. बोट नाकाला लावताना किंचित चुकतं, एका पायावरच्या उड्या अपेक्षेइतक्या चपळ नाहीत, अशा नोंदी त्यात होत्या. तरीही नेवाडा राज्यात लढायचं लायसन्स मिळालं. दहा फेऱ्या तो नुसता मार खात उभा होता. अकरावीला त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने पाठवलं नाही. होम्स, म्हणजे मारणारा माणूस, नंतर ढसाढसा रडला. आणि एवढं होऊनही डिसेंबर १९८१ मध्ये बहामात ट्रेव्हर बर्बिकसमोर अली पुन्हा उभा! आपल्याकडे सगळ्यांच्या भिंतीवर अलीची वाक्यं असतात. त्याच्या कोपऱ्यातल्या डॉक्टरचं पत्र कुणाला आठवत नाही.

१९८४ मध्ये कंपवाताचं निदान झालं. तो ठोशांमुळेच झाला का, यावर डॉक्टरांनी खुशाल वाद घालावा. ज्या माणसाचं बोट नाकाला नीट लागत नव्हतं, त्याला होम्सपुढे उभं करणाऱ्यांना मी कुठल्याही वादात माफ करणार नाही.

आणि हे 'तेव्हा कुणाला माहीत नव्हतं' वगैरे सांगू नका. हॅरिसन मार्टलंड नावाच्या डॉक्टरने १९२८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात 'पंच ड्रंक' हा लेख लिहिला. चालताना पाय ओढणं, बोलणं अडखळणं, विसरणं हे सगळं त्यात आहे. अलीच्या जन्माआधी १४ वर्षं! रिंगच्या आजूबाजूच्या लोकांना तर त्याच्याही आधी ठाऊक होतं, तो शब्दच मुळी त्यांचा.

जेरी क्वॉरी आठवतो का कुणाला? हा जगज्जेता कधीच झाला नाही, पण अलीशी दोनदा लढला, हेवीवेट जगज्जेत्या जो फ्रेझियरशी दोनदा लढला. तपासणीत मेंदूला इजा झाल्याच्या खुणा १९८३ मध्येच दिसल्या होत्या. १९९२ मध्ये त्याला पैशांची गरज होती, आणि लायसन्सची अट नसलेलं कोलोरॅडो राज्य सापडलं. १,०५० डॉलरसाठी सहा फेऱ्या. त्यानंतर काही वर्षांतच कपडे घालायला, घास तोंडात घालायला दुसरं माणूस लागायला लागलं. भावाने, आईने केलं सगळं. १९९९ मध्ये ५३ व्या वर्षी गेला. त्या रात्री कोपऱ्यात एखादा कात्रीवाला असता तर? मी सारखं त्याच प्रसंगावर येतोय, येऊ दे.

फ्लॉइड पॅटरसनबद्दल लिहिताना मात्र माझा राग आपोआप खाली येतो. हेवीवेटचा किताब गमावून परत मिळवणारा तो पहिला. स्वभावाने इतका मऊ की पाडलेल्या प्रतिस्पर्ध्याला स्वतः हात देऊन उठवायचा. पुढे न्यूयॉर्क राज्याच्या बॉक्सिंग आयोगाचा अध्यक्ष झाला. १९९८ मध्ये एका खटल्याच्या साक्षीत त्याला विचारलं, तुम्ही किताब जिंकलात तो कुणाला हरवून? आर्ची मूर हे नाव त्याला आठवेना. त्याने राजीनामा दिला.

आमचे सरही शेवटच्या काळात तेच तेच विचारायचे. भेटायला गेलो की काय करतोस, मग पुन्हा काय करतोस. कप दोन्ही हातांनी धरायचे. त्यांच्या तरुणपणी त्यांना कुणी थांबवलं नव्हतं. त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नाही, पण मला खात्री आहे की माझी पट्टी कापताना त्यांना स्वतःचं दिसत होतं.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्यांचं असं होत नाही. खरं आहे. जॉर्ज फोरमन १९७७ मध्ये सोडून धर्मोपदेशक झाला, दहा वर्षांनी परतला, १९९४ मध्ये ४५ व्या वर्षी पुन्हा जगज्जेता झाला, आणि मांस भाजायच्या ग्रिलवरच्या स्वतःच्या नावाचे हक्क १९९९ मध्ये १३ कोटी ७५ लाख डॉलरला विकले. लॅरी होम्सने आपल्या ईस्टन गावात जागा-इमारतींत पैसा गुंतवला. मार्विन हॅगलर १९८७ मध्ये लेनर्डकडून हरल्यावर इटलीला गेला, सिनेमात कामं केली आणि रिंगकडे वळूनही बघितलं नाही. लेनॉक्स लुईस जगज्जेता असताना थांबला. व्हिताली क्लिट्श्को कीव्हचा महापौर आहे. छान. मनापासून आनंद आहे. पण हातावर मोजावीत अशी ही नावं दाखवून बाकीच्यांना नालायक ठरवणार असाल तर आपलं जमणार नाही.

विल्फ्रेड बेनितेस १७ व्या वर्षी जगज्जेता झाला, १९७६ मध्ये. इतक्या लहान वयात आजवर दुसरं कुणी झालेलं नाही. सतराव्या वर्षी आपल्याला बँकेचा फॉर्म भरता येत नव्हता. वडीलच त्याचे प्रशिक्षक आणि मॅनेजर. दहा वर्षांनी तो अर्जेंटिनात एका लढतीसाठी गेला आणि तिथेच अडकला. हातात पैसे नाहीत, कागदपत्रं नाहीत, वर्षाहून जास्त काळ. मेंदू तेव्हाच साथ सोडायला लागला होता. तरीही १९९० पर्यंत कुणी ना कुणी त्याला लढवलं. नंतर आईने सांभाळलं, आई गेल्यावर बहीण सांभाळते. लढती लावणारे, टक्केवारी घेणारे, किताब कमरेला बांधून फोटो काढणारे कुठे गेले? घास भरवायला शेवटी आई आणि बहीणच!

आपलेही विसरू नका. डिंको सिंग, १९९८ च्या बँकॉक आशियाईचं सुवर्ण, यकृताच्या कर्करोगाने ४२ व्या वर्षी गेला. कौर सिंग, १९८२ च्या दिल्ली आशियाईचं सुवर्ण, अलीबरोबर प्रदर्शनी सामना खेळलेला सैनिक. हृदयाच्या उपचारांसाठी त्याला कर्ज काढावं लागलं, आणि वर्तमानपत्रांत बातमी आल्यावर मग मदत धावली. यांनी कुठे माज केला होता?

काही बदललं आहे, तेही सांगतो. १९८२ मध्ये किम दुक-कू हा कोरियन बॉक्सर रे मँचिनीशी लढल्यावर गेला, त्यानंतर १५ फेऱ्यांच्या १२ झाल्या. २००० मध्ये अमेरिकेत अलीच्याच नावाचा कायदा आला, प्रमोटरने बॉक्सरला लुबाडू नये म्हणून. कॅलिफोर्नियात बॉक्सरांसाठी पेन्शन योजना आहे. तिकिटामागे डॉलरपेक्षाही कमी रक्कम कापतात, आणि पात्र बॉक्सरला पन्नाशीला पैसे मिळतात. तिकिटामागे काही सेंट! मग हे जगभर का नाही? फुटबॉलपटूला संघ असतो, युनियन असते. बॉक्सर एकटा. त्याचा मॅनेजर, प्रमोटर, प्रशिक्षक, सगळ्यांचं पोट तो लढला तरच भरतं. न लढण्याचा सल्ला देणाऱ्याला त्यात काहीच मिळत नाही.

आमचे सर नाही म्हणू शकले, कारण माझ्या लढण्यावर त्यांची एक दमडीही अवलंबून नव्हती. एवढंच. ते संत होते म्हणून नाही. १९७५ मध्ये मनिलात अलीविरुद्धच्या लढतीत चौदाव्या फेरीनंतर प्रशिक्षक एडी फच यांनी जो फ्रेझियरला खुर्चीवरून उठू दिलं नाही. फ्रेझियर विनवत होता, फच ऐकले नाहीत. त्यांची कमाई फ्रेझियरवरच होती, तरीही. असा माणूस धंद्यात असूनही निघाला, म्हणून त्यांचं नाव मी सरांच्या शेजारी ठेवतो. पण दरवेळी एडी फच मिळेल या आशेवर खेळ चालवायचा का? तपासणारा डॉक्टर आणि लढत थांबवणारा माणूस हे बॉक्सरच्या कमाईवर जगणारे नकोत. त्यांचा पगार तिकिटाच्या त्याच काही सेंटमधून निघेल. कुठल्याही आयोगाला हे उद्या करता येईल.

आणि आपण? नोव्हेंबर २०२४ मध्ये ५८ वर्षांचा माइक टायसन २७ वर्षांच्या जेक पॉल या यूट्यूबरसमोर उभा राहिला. त्याच वर्षी जूनमध्ये आपण मरता मरता वाचलो, आठ वेळा रक्त चढवावं लागलं, असं टायसनने स्वतः नंतर सांगितलं. नेटफ्लिक्सच्या म्हणण्याप्रमाणे ६ कोटी घरांत ती लढत बघितली गेली. तुमच्यातल्या कित्येकांनी रात्री स्टेटस टाकले होते, आणि आज त्याच टायसनच्या दिवाळखोरीवर हसताय. होय, उतरण्याची इच्छा त्याची होती, पश्चात्ताप नाही असंही तो म्हणाला. निवड चाचणीच्या आधी माझीही इच्छाच होती.

पुढच्या वेळी पन्नाशी-साठीतल्या कुणा चॅम्पियनची लढत जाहीर होईल, आणि होणारच आहे, तेव्हा मी ती बघणार नाही. फुकट असली तरी नाही. तुमच्यातल्या जेवढ्यांना जमेल तेवढ्यांनी बघू नका. बघणाऱ्यांचा आकडा घसरला की पुढच्या म्हाताऱ्याला फोन जाणार नाही. ज्यांना यात मजा वाटते त्यांनी माझ्याशी वाद घालायला इथे यावं, मी रात्री उशिरापर्यंत जागा आहे.