सगळीकडे ०.८ मारणाऱ्या साहेबांनो

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात, टायटल ब्लॉकच्या शेजारी एक ओळ असते : 'सर्व मशीन केलेले पृष्ठभाग आरए ०.८'. (आरए म्हणजे पृष्ठभागाची सरासरी खरखर, मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात; आकडा लहान तेवढं गुळगुळीत.) ही ओळ ज्यानं पहिल्यांदा लिहिली आणि ज्यांनी ज्यांनी ती पुढं कॉपी-पेस्ट केली, त्या सगळ्यांना मे महिन्याच्या दुपारी कुपवाड एमआयडीसीत आणून पत्र्याच्या शेडखाली लेथसमोर उभं करायचंय मला. दिवसभर नको. एक जॉब उतरेपर्यंत बास.

परवा अख्खा लॉट परत आला. काय होतं म्हणाल? पंपाचं बेअरिंग कव्हर. बिडाचं. चार बोल्टांनी आवळायचं, वरनं निळा रंग मारायचा आणि विसरून जायचं. त्याच्या बाहेरच्या व्यासावर ०.८. ज्याच्यावर रंग बसणार, त्याच्यावर! अहो, रंगाला धरायला थोडी खरखर लागते हो, आरशावर रंग टिकतो का? बोल्टच्या भोकातपण ०.८. एम १० चा बोल्ट ११ च्या भोकात जातो, तो भिंतीला शिवतसुद्धा नाही. तरी तिथं आम्ही ड्रिल मारून मग रीमर, म्हणजे भोक गुळगुळीत करायचं हत्यार, फिरवायचा, का तर कागदावर लिहिलंय. हळदीचं पोतं पैठणीत बांधा म्हणण्यातला प्रकार आहे हा.

आणि चॅम्फर! एक मिलिमीटरचा चॅम्फर, म्हणजे कडेची धार मोडून केलेला उतार. ०.८ मोजायचं तर खरखर मोजणाऱ्या टेस्टरचा कटऑफ, म्हणजे एका मोजणीची लांबी, ०.८ मिलिमीटर आणि तसे पाच, म्हणजे सुईला निदान चार मिलिमीटर सरळ पळायला जागा पाहिजे. एक मिलिमीटरवर ती सुई काय उभी राहून नाचणार? पण रिजेक्शनच्या कागदावर लिहून आलंय, 'चॅम्फर फिनिश नॉट ओके'. कशानं मोजलंत साहेब? डोळ्यानं. मग डोळ्यानंच मोजायचं होतं तर आमच्याकडनं दर डिस्पॅचला रिपोर्ट कशाला मागता?

आता हिशोब ऐका, कारण 'जरा फिनिश चांगला द्या की, त्याला काय लागतं' असं म्हणणारे लई भेटतात. टर्निंगमध्ये खरखर किती उरणार हे मुख्यतः दोनच गोष्टी ठरवतात, फीड, म्हणजे एका फेऱ्यात हत्यार किती पुढं सरकतं ते, आणि इन्सर्टच्या, म्हणजे कापणाऱ्या पात्याच्या, नाकाची त्रिज्या. फीडचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, ही शिखरापासून दरीपर्यंतची उंची. ०.८ मिलिमीटर त्रिज्येचा नोज असेल आणि फीड ०.२८ मिलिमीटर, तर साधारण १२ मायक्रॉन येतात. आरए ढोबळमानानं त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे ३.२ च्या आतबाहेर. तुम्हाला ०.८ पाहिजे? फीड निम्मा करा, ०.१४. म्हणजे तेवढ्याच लांबीला वेळ दुप्पट. हे झालं वहीतलं. बिडात ग्रॅफाइटच्या पापड्या असतात, त्या कापताना उपटून निघतात आणि खड्डे पडतात. सुई त्या खड्ड्यात गेली की आकडा वर. मग फीड आणखी खाली आणा, इन्सर्ट जरा घासला की बदला, नाहीतर वायपर इन्सर्ट, म्हणजे कापता कापता पृष्ठभाग सपाट करणारा, घ्या, तो महाग. तरी नाही बसलं तर टेम्पोत घालून ग्राइंडिंगला पाठवा. आणि पर्चेसवाले म्हणणार, "मागच्या पीओचाच (खरेदी ऑर्डरचाच) रेट धरा."

एवढं करून तो जॉब बरा चालला असता तर मी तोंड शिवून बसलो असतो. पण जास्त गुळगुळीत म्हणजे जास्त चांगलं, हे कुणी शिकवलं यांना? फ्लॅन्जचं, म्हणजे पाइप बोल्टांनी जोडायच्या चकतीचं, तोंड घ्या. एएसएमई बी १६.५ या फ्लॅन्जच्या अमेरिकन स्टँडर्डमध्ये रेझ्ड फेसला, म्हणजे उचललेल्या तोंडाला, साध्या गॅस्केटसाठी (मधे दाबायच्या पॅकिंगसाठी) ३.२ ते ६.३ आरए आणि बारीक खाचा दिल्यात. का? तर दाबल्यावर गॅस्केट त्या खाचांत रुतून बसावं, प्रेशर आलं की सरकू नये. आमच्याकडं आलेल्या ड्रॉइंगवर त्या तोंडालाही ०.८. तोंडी सांगितलं तर ऐकतील म्हणून फोन लावला.

"साहेब, ह्या फेसला ३.२ चालेल, उलट बरं पडेल."
"अहो, आमचं ते स्टँडर्ड आहे."
"कुठलं स्टँडर्ड?"
"कंपनीचं. सगळ्या ड्रॉइंगना तेच असतं."

मिटलं. पुढं बोलायचं काय?

आणि जिथं खरंच डोकं लावायचं, तिथं यांचा गडी झोपलेला. त्याच पंपाच्या शाफ्टवर ऑइल सीलची, म्हणजे तेल आत अडवणाऱ्या रबरी कड्याची, जागा आहे. तिथं ०.२ ते ०.८ पाहिजे, खालची हदसुद्धा पाळायची, कारण फार गुळगुळीत झालं तर सीलच्या ओठाखाली तेलाचा थर टिकत नाही आणि सील जळतं. शिवाय टर्निंगची जी मळसूत्रासारखी रेघ राहते, ती शाफ्ट फिरताना तेल बाहेर ढकलते, म्हणून तिथं प्लंज ग्राइंडिंग, म्हणजे चाक बाजूला न सरकवता सरळ आत नेऊन घासणं, करून रेघ काढायची असते. ड्रॉइंगवर यातलं काय आहे? काही नाही. तेच ०.८, वरच्या ओळीतलं. म्हणजे मी टर्निंगवर ०.७ काढून दिलं तर मीटर पास म्हणणार, इन्स्पेक्टर शिक्का मारणार आणि पंप शेतात जाऊन तेल गाळत बसणार. कव्हरचा बाहेरचा व्यास मात्र रिजेक्ट, तिथं १.१ आलं म्हणून!

आमच्याकडं एक म्हातारे टर्नर आहेत. ते नखानं घासून सांगतात, हे तीनचं आहे, हे दीडचं आहे. कंपॅरेटर प्लेट, म्हणजे खरखरीचे नमुने असलेली पट्टी, शेजारी धरली की बहुतेक वेळा तेच निघतं. पण त्यांचा खरा गुण वेगळाच. जॉब हातात घेतला की ते आधी विचारतात, "हे कुठं बसतंय?" सरकतंय, दाबून बसतंय, सील होतंय, का नुसतंच हवेत आहे? एवढा एक प्रश्न ड्रॉइंग काढणाऱ्याला पडू नये? सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पृष्ठभागाला वेगळं चिन्ह लावायला पैसे पडत नाहीत. दोन क्लिकचं काम आहे राव.

आज परत चौकशी आलीय, नवीन कव्हर, तीच ओळ. मी दोन दर लिहून पाठवलेत. एक ड्रॉइंगप्रमाणे, एक कामाप्रमाणे. पर्चेसवाले दुसरा दर धरणार आणि इन्स्पेक्शन पहिल्याप्रमाणे करणार, लिहून ठेवा.