जुनी ‘फुलमेटल’ टाकाऊ नाही

भाच्याने परवा एक पोस्ट पुढे ढकलली आणि खाली विचारलं, "मामा, मग जुनी नकोच ना बघायला?" अॅनिमे, म्हणजे जपानी अॅनिमेशन मालिका, बघणाऱ्या कुणालाही ही पोस्ट नवी नाही. शब्द बदलतात, मतलब तोच. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ बघायची तर सरळ २००९ची ‘ब्रदरहूड’ लावा, २००३ची मालिका सोडून द्या. का? तर मूळ मांगा (जपानी चित्रकथा) तेव्हा अपुरी होती म्हणून जुनीत मनाला येईल ते भरलं; नवी मांगाबरहुकूम आहे; जुनीतलं चांगलं तेवढं नवीत आहेच, तेही सुंदर चित्रांत; जुनीच्या खलनायकांना आणि शेवटाला काही अर्थ नाही; आणि पटत नसेल तर रेटिंग बघा.

गोष्ट दोन्हींत एड आणि अल या एल्रिक भावांची. मेलेल्या आईला किमयेने परत आणायला जातात, त्यात एडचा हात-पाय जातो आणि अलचं अख्खं शरीर; ते परत मिळवायला दोघे निघतात. मी दोन्ही बघितल्या आहेत. जुनी हॉस्टेलच्या खोलीत, मित्राच्या हार्डडिस्कवरून, रात्री जागून. नवी ती चालू असताना, आठवड्याला एक भाग. नवी मला मनापासून आवडते, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी ‘जुनं ते सोनं’वाला म्हणून बाजूला सारायला नको. तरीही ही पोस्ट चुकीची आहे, आणि तिचं ऐकलं तर जास्त नुकसान नवीचंच होतं. (दोन्हींचे शेवट पुढे उघड केले आहेत. ज्यांना चालणार नसेल त्यांनी इथेच थांबावं.)

आधी त्या ‘भरती’बद्दल. हिरोमु अराकावाची मांगा २००१च्या जुलैपासून ‘मंथली शोनेन गांगान’मध्ये येत होती. बोन्स स्टुडिओची पहिली मालिका सुरू झाली ४ ऑक्टोबर २००३ला. म्हणजे मासिकात महिन्याला एक प्रकरण या हिशेबाने जेमतेम सव्वादोन वर्षांची गोष्ट हातात, आणि करायचे ५१ भाग. ती पुरणार नाही हे काय त्यांना चाळिसाव्या भागाला कळलं? वेगळ्या वाटेने जायचं हे आधीच ठरलं होतं, आणि त्यात अराकावाची स्वतःची इच्छा होती. तिला दोन्हीकडे एकच शेवट नको होता. दिग्दर्शक सेइजी मिझुशिमा आणि मुख्य लेखक शो आइकावा यांच्याशी सुरुवातीला चर्चा करून तिने पटकथा त्यांच्यावर सोपवली, आणि होमन्क्युलसांच्या (किमयेतून बनलेल्या, माणसासारख्या दिसणाऱ्या खलपात्रांच्या) जन्माची त्यांनी लावलेली वेगळी संगती आपल्याला आवडल्याचंही तिने पुढे सांगितलं. जिची गोष्ट तिची तक्रार नाही. तक्रार आपल्या ग्रुपवरच्या मंडळींची.

शिवाय ‘फिलर’ हा शब्द जरा जपून वापरायला हवा. जे काढलं तरी कथेचं काही बिघडत नाही, ते फिलर. जुनीत तसे भाग आहेत, नाही म्हणत नाही. दहाव्या भागातली ती सायरन नावाची चोरटी बाई आज कुणाला आठवत असेल असं वाटत नाही. पण त्याच्या पुढचे दोन भाग, एल्रिक बंधूंचं नाव लावून फिरणाऱ्या दुसऱ्या दोन भावांचे, तेही पोस्टवाले फिलरच्या यादीत टाकतात. ते माकोतो इनोऊएच्या कादंबरीवरून घेतलेले आहेत. आणि जुनीचा उत्तरार्ध काढून बघा. मालिका उरतच नाही. मग तो फिलर कसा?

‘ब्रदरहूड म्हणजे शब्दशः मांगा’ या दाव्याला फार वेळ द्यायची गरज नाही. नवीचा पहिला भाग लावा. सेंट्रल शहर गोठवायला निघालेला आयझॅक मॅकडूगल नावाचा बर्फाचा किमयागार दिसेल. हा गृहस्थ मांगात नाही. अख्खा भाग मालिकेसाठी रचलेला आहे. उलट मांगात जे आहे त्यातली यूस्वेलची कोळशाची खाण नवीने एका झलकीत उरकली आणि रेल्वेवरचा हल्ला गाळला. दोन्ही जुनीत सविस्तर आहेत. २७वा भाग जवळजवळ उजळणीच. २७ खंड, १०८ प्रकरणं आणि भाग ६४, म्हणजे कुठेतरी कात्री लागणारच. पुढे नवी मांगाच्या अगदी जवळून चालते हे खरं. पण ‘शब्दशः’ नाही. आणि हो, ‘ब्रदरहूड’ हे नावही परदेशातलं. जपानमध्ये दोन्हींचं मूळ नाव एकच.

आता कात्री लागली कुठे, ते महत्त्वाचं. ती सगळ्यात जास्त सुरुवातीला लागली. कारण उघड आहे. २००९मध्ये जपानमधला बहुतेक प्रेक्षक हे दोघे भाऊ कोण, त्यांनी आईला परत आणायला काय केलं, एडचा हात-पाय कसा गेला, हे पाच-सहा वर्षांपूर्वी बघून बसला होता. त्याला तेच परत सांगत बसण्यात अर्थ नव्हता. म्हणून नवी धावत सुटते. पहिल्याच भागात मस्टँग, ह्यूज, आर्मस्ट्राँग, ब्रॅडली हे लष्करातले सगळे ओळीने येऊन जातात, जणू लग्नघरी सगळे नातेवाईक एकाच गाडीतून उतरावेत. ज्याची आधीची ओळख आहे त्याला मजा येते. ज्याची नाही त्याला नावंही नीट कळत नाहीत.

नीना टकरचंच घ्या. इंटरनेटवर जिच्यावरून इतके मीम झाले ती चिमुरडी. नवीत ती येते आणि चौथ्या भागातच तिचा शेवट होतो. वाईट वाटतं, पण आपल्याला तिच्याबद्दल माहीत काय असतं? वेणी, कुत्रा आणि ‘दादा’ म्हणणं. जुनीत एड आणि अल किमयागाराच्या परीक्षेचा अभ्यास करायला टकरच्या, म्हणजे तिच्या किमयागार बापाच्या, घरीच राहतात. सहाव्या भागात एडचा वाढदिवस आहे, ते ह्यूजच्या घरी जेवायला जातात आणि नेमकं तेव्हाच ह्यूजच्या बायकोला कळा सुरू होतात. नीना तिथे आहे, भाऊ गडबडलेत, बाळ जन्माला येतं. आणि लगेच पुढच्या भागात टकर आपल्या पोटच्या पोरीचं काय करतो ते कळतं. एका भागात जन्म, दुसऱ्यात हे. ही जोडणी जुनीच्या लेखकांची आहे. चांगलं तेवढं नवीत आहेच, म्हणता? हे नाही.

मस्टँगचा जिवलग मित्र ह्यूज, त्याचंही तसंच. नवीत तो दहाव्या भागात मरतो. जुनीत पंचविसाव्या. आता खरं सांगायचं तर मांगातही तो लवकरच, चौथ्या खंडात जातो. नवीने ते ओढून अलीकडे आणलं असं नाही. पण मांगाचा वाचक तोवर महिन्याला एक प्रकरण वाचत आलेला होता. त्या वाचकाच्या मनात ह्यूज जितका मुरला होता, तितका मुरायला टीव्हीवर वेळ लागतो, आणि तो वेळ जुनीने दिला. पंचविसाव्या भागापर्यंत हा माणूस फोनवर लेकीचं कौतुक सांगून आणि भेटेल त्याला तिचे फोटो दाखवून सगळ्यांना वात आणतो. मग तो फोनच्या खोलीत पडतो. मी त्या रात्री पुढचा भाग लावला नाही.

म्हणून म्हटलं, नुकसान नवीचंच आहे. नवी त्या ओळखीवर उभी आहे. मस्टँगला ह्यूजचा खुनी सापडतो तो नवीतला प्रसंग (आणि तो काय प्रसंग आहे!) ज्याने ह्यूजसोबत पंचवीस भाग काढलेत त्याला जसा लागेल, तसा दहा भागवाल्याला लागणार नाही.

खलनायकांना अर्थ नाही, हे मात्र मला सगळ्यात खटकलं. कारण नेमकी तीच जुनीची सगळ्यात मोठी ताकद आहे.

मांगात आणि नवीत सात होमन्क्युलस हे ‘फादर’ या मुख्य खलनायकाने आपल्यातून काढून टाकलेले सात दोष आहेत. कल्पना चांगली, मोठ्या युद्धकथेला साजेशी. जुनीत ते जन्मतात माणसांच्या फसलेल्या प्रयत्नांतून. मेलेल्या माणसाला परत आणायला कुणीतरी किमया करतो, ती फसते, आणि जे अर्धवट उरतं तेच पुढे होमन्क्युलस होतं. लस्ट ही स्कारच्या (सूडापोटी किमयागारांना मारत सुटलेल्या माणसाच्या) भावाच्या मेलेल्या प्रेयसीचं रूप. रॅथ हा भावांची गुरू इझुमी हिचं दगावलेलं मूल, आणि त्याच्या अंगावर एडचा गेलेला हात आणि पाय आहे. आणि स्लॉथ, ब्रॅडलीची ती शांत सेक्रेटरी, ती या दोन भावांचीच आई. म्हणजे पहिल्या भागात त्यांनी जे पाप केलं, तेच शेवटी समोर येऊन उभं राहतं, आईचा चेहरा घेऊन, आणि एडला तिला संपवावं लागतं. याला कुणी ‘अर्थ नाही’ म्हणत असेल तर त्याने ते भाग दीडपट वेगाने बघितले असावेत.

आणि शेवट. दोन्ही मालिका एकाच नियमावर उभ्या आहेत, काही मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं काही द्यावं लागतं. अराकावा होक्काइडोच्या दुग्धव्यवसाय करणाऱ्या घरातली. पोटाला मिळवायचं तर राबावं लागतं हे आईवडिलांकडे बघत वाढलेली, आणि हा नियम तिला तिथूनच सुचला. तिच्या शेवटात, म्हणजे नवीतही, नियम टिकतो. एड आपली किमयाच देऊन टाकतो आणि भावाला परत आणतो. वर दोघे भाऊ ठरवतात की दहा घ्यायचे तर त्यात स्वतःचा एक घालून अकरा द्यायचे. शेतकऱ्याच्या घरातून आलेला शेवट आहे हा. मला तो अतिशय आवडतो.

जुनी त्याच नियमाला धरून विचारते, हे खरं आहे का? शेवटाकडे डान्टे नावाची म्हातारी एडला तोंडावर सांगते, तू परीक्षा पास झालास ते कष्टाने म्हणतोस, मग तुझ्याइतकेच, तुझ्याहून जास्त कष्ट करून जे नापास झाले त्यांचं काय? एडकडे उत्तर नाही. एमपीएससीची तिसरी-चौथी खेप देणाऱ्या कुणालाही हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. पुढे एड मरतो, अल स्वतःत साठलेला परीस (किमयेला अफाट बळ देणारा दगड) खर्च करून त्याला उठवतो, मग एड स्वतःला देऊन अलला परत आणतो, आणि अलला या सगळ्या प्रवासातलं काहीच आठवत नाही. हिशोब जुळत नाही. जुळूच नये अशा बेताने तो मांडलाय. किमयेची ताकद एका गूढ दाराच्या पलीकडच्या जगातल्या, म्हणजे आपल्या जगातल्या मेलेल्यांच्या जिवांवर चालते हेही तिथेच कळतं. त्यानंतरचा २००५चा चित्रपट, १९२३चं म्युनिक, नाझींचा फसलेला उठाव, तिथे मात्र गाडी जरा रुळावरून घसरते. ते मान्य.

जुनीने आणखी एक गोष्ट केली, तिची चर्चा कमी होते. मांगात भावांची बालमैत्रीण विन्री हिच्या डॉक्टर आईवडिलांना स्कार मारतो. जुनीत त्यांना मस्टँग मारतो, वरिष्ठांच्या हुकुमावरून. आपला लाडका, हसरा कर्नल. मार्च २००३मध्ये इराकवर हल्ला झाला होता, आणि ही मालिका चालू असताना, २००४च्या जानेवारीत, जपानच्या स्वसंरक्षण दलाची पहिली तुकडी इराकमध्ये समावाला पोचली. मालिका त्यावरच आहे असं मी म्हणत नाही. पण हुकूम पाळणाऱ्या सैनिकाचा दोष किती, हा प्रश्न तेव्हा जपानी घराघरांत नुसता काल्पनिक नव्हता. नवीत विन्री स्कारवर पिस्तूल रोखते तो प्रसंगही जबरदस्त आहे. दोन्ही उत्तरं वेगळी आहेत, म्हणून तर दोन्ही बघायची.

चित्रांबद्दल: हो, नवीची हाणामारी जास्त चपळ आहे, जुनी चौकोनी पडद्याची आहे. स्टुडिओ तोच, एड आणि अलचे आवाज तेच, रोमी पार्क आणि रिए कुगिमिया. संगीतात मी मिचिरु ओशिमाच्या जुनीकडे झुकतो. ते रशियन भाषेतलं भावाची क्षमा मागणारं गाणं एकदा ऐका.

राहिलं रेटिंग. मायअॅनिमेलिस्ट या प्रेक्षकांच्या गुणांच्या साइटवर नवी नऊच्या वर, कित्येक वर्षं यादीत पहिली होती. जुनी आठच्या थोडी वर. पण नवीला गुण देणाऱ्यांत जुनी बघून, आवडून मग तिकडे गेलेले खूप आहेत. ज्यांना मुळात आवडली नव्हती ते नवीच्या वाटेला कशाला जातील? आणि २००५मध्ये टीव्ही असाहीने इंटरनेटवर लोकांचा कौल घेतला तेव्हा आवडत्या अॅनिमेंत पहिली आली ती जुनीच. नवी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. ती जुनी एवढी गाजली नसती तर सहा वर्षांत तीच गोष्ट त्याच स्टुडिओला परत करायला पैसे कुणी दिले असते?

भाच्याला सांगितलं, जुनीचे पंचवीस भाग बघ, मग पाहिजे तर सोड आणि नवी लाव. सध्या तो नवव्या भागावर, यूस्वेलच्या खाणीत आहे. काल विचारत होता, "तो लबाड योकी परत येतो का?" म्हटलं, नवीत येतो, पण तिथे ही खाण नुसती झलकीपुरती आहे.