तिथेच

गेल्या आठवड्यात, रात्री साडेदहाच्या सुमारास, पंचवीस वर्षांत माझं काय झालं ते मला कळलं. एका शब्दात कळलं. आमच्या बॅचच्या एक्सेल शीटमध्ये, तेहतिसाव्या रांगेत, ‘सध्या’ या कॉलमखाली लिहिलं होतं : तिथेच.

बस. पुढे पूर्णविरामसुद्धा नाही.

मागची गोष्ट थोडक्यात सांगते. २००१ साली आम्ही बी.एस्सी. झालो, २०२६ मध्ये पंचवीस वर्षं भरतात, म्हणून स्नेहमेळावा. स्नेहमेळावा म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, ग्रुप आहे म्हणून अ‍ॅडमिन, आणि अ‍ॅडमिन अर्थातच आमचा त्या वेळचा सीआर. वर्गप्रतिनिधीपद हा काही लोकांच्या बाबतीत वर्षभराचा कार्यभार नसतो, रक्तगट असतो. त्याने ‘कोण कुठे’ नावाची शीट केली, आणि लोक माहिती भरेनात म्हणून स्वतःच भरून टाकली.

आता मी कुठे आहे, तर त्याच कॉलेजात. ग्रंथपाल आहे. पण मधली सात वर्षं मी तिथे नव्हते. बी.लिब. केलं, एम.लिब. केलं, दोन ठिकाणी कंत्राटी नोकऱ्या केल्या, नेट पास झाले, जाहिरात निघाली तेव्हा अर्ज केला, पाच जणांच्या समितीसमोर बसून मुलाखत दिली आणि मग परत आले. जाऊन परत आलेल्या माणसाला ‘तिथेच’ म्हणत नाहीत. पोस्टमन रोज घरी परत येतो, म्हणून तो दिवसभर घरातच होता असं कुणी म्हणत नाही.

शीटमध्ये रोल नंबराप्रमाणे क्रम आहे. सीआर ३१, मी ३२. आणि त्याच्या चौकटीत इतका मजकूर आहे, की ती एकटी रांग मोबाइलचा अख्खा पडदा व्यापते. ‘ऑपरेशन्स’ आहे, ‘स्ट्रॅटेजी’ आहे, ‘मेंटॉर’ आहे, दोन अर्धमॅरेथॉन आहेत, थोरल्या मुलाचं रोबोटिक्स आहे. बोट दुखेपर्यंत खाली सरकत राहायचं, सरकत राहायचं, आणि मग एकदम मोकळं मैदान. मैदानात मी. तिथेच.

खरं तर आमची बॅच या बाबतीत नशीबवान होती. लिंक्डइन सुरू झालं २००३ मध्ये, फेसबुक २००४ मध्ये. म्हणजे आम्ही बाहेर पडलो तेव्हा एकमेकांना नीट हरवून बसायची सोय होती. निरोपसमारंभात रडून घेतलं, वहीवर लँडलाइन नंबर लिहून घेतले, वर्षभरात ते नंबर बदलले, संपलं. हरवण्याची संधी मिळालेल्या शेवटच्या काही तुकड्यांपैकी आम्ही. ती संधी सीआरने दोन महिन्यांत वाया घालवली.

आणि सापडलेले लोक बघावेत तर कुणीही शिकलेल्या विषयात नाही. (नावं घेत नाही, रोल नंबर सांगते. शीटमध्ये तेच खरं नाव आहे.) रोल नंबर १२ रसायनशास्त्रात कॉलेजात पहिला आला होता. तो बावीस वर्षं बँकेत आहे. दर तीन वर्षांनी बदली, बायको-मुलं एका गावी, हा दुसऱ्या. त्याच्यापुढे ‘सध्या’ खाली ‘बदली’ असं लिहिलंय, आणि कॉलमचं नाव लक्षात घेता ते अचूकच आहे म्हणायचं. रोल नंबर ४ च्या जर्नलवरून अख्ख्या वर्गाने जर्नल उतरवलं होतं. तिने मुलांसाठी नोकरी सोडली आणि अकरा वर्षांनी परत धरली. आता तिची वरिष्ठ तिच्याहून नऊ वर्षांनी लहान आहे आणि तिला मीटिंगमध्ये ‘मॅडम’ न म्हणता ‘गाइज’मध्ये मोजते. शीटमध्ये यातलं काही नाही. ‘नोकरी’ एवढंच आहे.

रोल नंबर २३ ने स्वतःची माहिती स्वतः भरली होती. मुलं : १. जोडीदार : एक आडवी रेघ. सीआरने भर ग्रुपवर त्याला टॅग करून विचारलं, ‘अरे ही रेघ म्हणजे नेमकं काय? सिंगल की माहिती पेंडिंग?’ एकशेदहा माणसांचा ग्रुप, पहाटे पाचला सुप्रभात घालणारी माणसं त्यात, आणि पुढचे चार तास तिथे कुणी साधा अंगठाही टाकला नाही. मग कुणीतरी सूर्योदयाचा फोटो टाकला. रात्री आठ वाजता. मी त्या रेघेकडे बराच वेळ बघत बसले होते. काही माणसांना पंचवीस वर्षांतलं सगळं सांगायला तेवढीच जागा हवी असते, आणि तीही त्यांना सुखाने घेऊ देत नाहीत.

असो. माझ्या ‘तिथेच’वर येते. मी फोन केला.

“अगं बोल!” सीआर म्हणाला. “तुझीच आठवण काढत होतो. हॉलचं काय झालं?”

हे एक राहिलंच सांगायचं. मी ‘तिथेच’ असल्यामुळे हॉल, प्रोजेक्टर, गाड्या लावायची जागा, फिजिक्स लॅबची किल्ली आणि ‘ते जुने बाक मिळतात का बघ ना’ ही सगळी कामं माझ्याकडे आहेत. शिवाय परदेशात असलेल्या रोल नंबर ९ च्या ट्रान्सक्रिप्टसाठी परीक्षा विभागात तीन वेळा जाऊन आले, ते वेगळं.

“हॉलचं राहू दे. शीटमध्ये माझ्यापुढे ‘तिथेच’ लिहिलंयस.”

“हो. मग तू तिथेच आहेस ना?”

“मी ग्रंथपाल आहे.”

“तेच ना. तिथेच.”

“अरे, पण ‘सध्या’ म्हणजे हुद्दा लिहायचा ना? तुझ्यापुढे सतरा ओळी आहेत.”

“त्या रॅप टेक्स्टमुळे दिसतात गं. रॅप काढलं तर एकच ओळ आहे.”

मी दीर्घ श्वास घेतला. “आणि माझ्यापुढे तो जो जास्तीचा कॉलम आहे, ‘मिस्टर’ म्हणून?”

“तो सगळ्या मुलींना आहे,” तो म्हणाला. मुली सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या. “मुद्दाम ठेवलाय. तुमची आडनावं बदलतात, मग ओळख पटायला बरं.”

“माझं बदललेलं नाही.”

“म्हणून तर जास्त गोंधळ होतो.”

“माझ्या नवऱ्याची तीन ओळी माहिती आहे तिथे. हुद्दा, कंपनी, आधीची कंपनी. तुला कुणी दिली?”

“लिंक्डइनवर आहेत ना ते. छान प्रोफाइल आहे हं. मला आवडलं.”

“आणि तुमच्या बायकांचा कॉलम?”

“आमच्या?” तो खरोखर गोंधळला. “त्यांचा कशाला? त्या काय आपल्या बॅचच्या आहेत?”

“मग माझा नवरा आपल्या बॅचचा आहे का?”

बराच वेळ शांतता. पलीकडे टकटक ऐकू आली. मला वाटलं विचार करतोय. तो शीट उघडत होता.

“नाही,” तो म्हणाला. “नाव नाहीये यादीत.”

या माणसावर चिडता येत नाही, हीच खरी चीड आहे. त्याच्यात दुष्टावा औषधालाही नाही. त्याच्या डोक्यात कॉलम आहेत आणि माणसं त्यात बसली की त्याला शांत झोप लागते. पलीकडून मला समजावणीच्या सुरात सांगायला लागला, “हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. मी कालच ग्रुपवर टाकलं होतं ना, हार्वर्डचं? शेवटी नाती महत्त्वाची.”

टाकलं होतं खरं, दोन गुलाब आणि एक सूर्यफूल लावून. ग्रंथपालाची खोड अशी, की फॉरवर्ड आलं की मी त्याचा मूळ संदर्भ काढते. हा अभ्यास १९३८ मध्ये सुरू झाला. हार्वर्डचे २६८ विद्यार्थी निवडले आणि पुढे आयुष्यभर त्यांच्या नोकऱ्या, लग्नं, दारू, रक्तदाब, सगळ्याची नोंद ठेवली. जॉन केनेडीही त्यांत होते. पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती ते ऐंशीत जास्त धडधाकट निघाले, आणि हे भाकीत कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा बरं ठरलं. एवढं फॉरवर्डमध्येही होतं. फॉरवर्डमध्ये नव्हतं ते हे, की २६८ च्या २६८ पुरुष होते, कारण तेव्हा त्या कॉलेजात फक्त पुरुषच असत. बायकांना या अभ्यासात खूप उशिरा घेतलं, तेही आधी ‘यांच्या बायका’ म्हणून. म्हणजे तिथेही एक कॉलम जादाचा.

मुलींचं बघायला रॅव्हेना हेल्सन ही बाई लागली. तिने मिल्स या मुलींच्या कॉलेजातल्या १९५८ आणि १९६० च्या तुकड्या घेतल्या आणि त्यांच्यामागे पन्नासेक वर्षं चिकाटीने राहिली : कोण नोकरीत गेली, कोण घरी राहिली, कोण चाळिशीत उठून नव्याने काहीतरी करायला लागली. तिचा फॉरवर्ड मला आजवर आलेला नाही. गुलाबासकट नाही, गुलाबाशिवाय नाही.

आणि हार्वर्डचंच घ्यायचं, तर तिथे दर पाच वर्षांनी प्रत्येक तुकडीचं एक लाल पुस्तक निघतं. त्यात प्रत्येक जण आपलं काय झालं ते लिहितो. स्वतः लिहितो. मी सीआरला हे सांगितलं. “स्वतः” या शब्दावर जितका जोर देता येईल तितका दिला.

“आयडिया चांगली आहे,” तो म्हणाला. “लाल कव्हर. स्मरणिकेला करू या. लायब्ररीत बाइंडिंगवाला येत असेल ना तुझ्याकडे?”

मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले तरी तो शब्द डोक्यात. देवघेव काउंटरवर बसले की आठवतो, नियतकालिकांची नोंद करताना आठवतो. आमच्या विषयातले दैवत म्हणजे रंगनाथन. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि सुरुवातीला त्यांना ते काम इतकं नकोसं झालं की मला परत शिकवायला पाठवा म्हणून मागे लागले. पुढे लंडनला जाऊन आले आणि मग मद्रासच्या त्याच ग्रंथालयात वीस वर्षं राहिले. त्यांचं सूत्र आम्ही परीक्षेत पाठ म्हणून दाखवायचो : ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. ग्रंथालय वाढतं. ग्रंथपालाबद्दल सूत्रात काही नाही. त्यांच्याही बॅचला कुणी सीआर असेल, तर ‘सध्या’ खाली त्याने काय लिहिलं असतं, मला कल्पना आहे.

दुपारी सीआरचा मेसेज : ‘जुन्या आठवणींचा कोपरा करायचा आहे. आपल्या वेळचं काही असेल तर फोटो टाक. तू आहेसच तिथे.’

म्हणून मागच्या कपाटातून जुनी देवघेव रजिस्टरं काढली. संगणक यायच्या आधीची, कापडी पाठीची, कोपरे उंदरांनी चाखलेली. तिसऱ्या वर्षाच्या रजिस्टरात आम्ही सगळे होतो. रोल नंबर ४ ची टपोरी सही. रोल नंबर २३ ची सही, जिच्याखाली तो तेव्हाही एक रेघ ओढायचा, ठाम, उजवीकडे वर जाणारी. मी स्वतः, चौदा पुस्तकं, सगळी वेळेत परत.

आणि रोल नंबर ३१. भौतिकशास्त्राचा जाडजूड संदर्भग्रंथ, परत करण्याची तारीख ३१ मार्च २००१. ‘परत’ची चौकट रिकामी.

मी ते तीनदा बघितलं. पुस्तक परत केल्याशिवाय नो-ड्यूजवर ग्रंथालयाचा शिक्का मिळत नाही, आणि नो-ड्यूजशिवाय मार्कशीट मिळत नाही. मग हा सुटला कसा? संध्याकाळपर्यंत आठवलं. वर्गातल्या सगळ्यांचे नो-ड्यूज फॉर्म गोळा करून शिक्के मारून आणायचं काम सीआरकडे होतं. गठ्ठ्यात एक स्वतःचा.

रात्री फोन केला. या वेळी त्याला हॉलचं विचारू दिलं नाही.

“एक पुस्तक आहे तुझ्याकडे कॉलेजचं. ३१ मार्च २००१ ला द्यायचं होतं. २०२६ च्या ३१ मार्चला त्याला ९,१३१ दिवस होतात. सहा लीप वर्षं धरून.”

सतरा ओळींचा माणूस पहिल्यांदाच गप्प बसला.

“निळं?” त्याने शेवटी विचारलं.

“निळं.”

“अगं… आहे ते. माळ्यावर आहे. आमची तीन घरं बदलली, दर वेळी बायको म्हणते टाकून दे, मी म्हणतो नको, कॉलेजचं आहे.” मग जरा खालच्या आवाजात, “उघडलं नाही कधी. पण आहे.”

“तिथेच?”

“हो, तिथे…” तो थांबला.

मी काही बोलले नाही. माझ्या आयुष्यात असे क्षण फार आलेले नाहीत.

त्याच रात्री शीटमध्ये बदल झाला. आता माझ्यापुढे ‘तिथेच (ग्रंथपाल)’ असं आहे. मिस्टरांचा कॉलम कायम आहे, फक्त थोडा अरुंद केलाय, त्यामुळे नवऱ्याची माहिती तीनऐवजी सहा ओळींत दिसते. रोल नंबर २३ ने ग्रुप सोडला.

पुस्तक अजून आलेलं नाही.